आयरिश म्हणी आणि तिथलं रान: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

धुक्यातली हिरवी टेकडी, एक मेंढी, आणि वर वळणदार इंग्रजी अक्षरांत एखादी 'आयरिश म्हण'. असली चित्रं सुप्रभाताच्या निरोपांत फिरू लागल्यापासून गावाकडचे नातेवाईक आणि इथे आयर्लंडला फिरायला येणारी मंडळी मला तेच ते प्रश्न विचारतात. उत्तरं एकदाच लिहून ठेवते.

म्हणीला आयरिशमध्ये काय म्हणतात?

'शॅनओकल'. 'शॅन' म्हणजे जुना आणि 'फोकल' म्हणजे शब्द. दोन्ही जोडले की मधला 'फ' लिहिताना राहतो, बोलताना गळतो. या भाषेत लिहितात एक आणि बोलतात दुसरंच, म्हणून खालचे उच्चार मी कानाने टिपले आहेत. मन्स्टर, कॉनक्ट आणि अल्स्टर अशा तीन मोठ्या बोली आहेत. त्यामुळे माझा उच्चार ऐकून डॉनेगॉलच्या एखाद्या आजोबांनी भुवया उंचावल्या तर ते त्यांच्या जागी बरोबर असतील.

'रस्ता उठून तुझ्या भेटीला येवो' ही खरी आयरिश म्हण आहे का?

पहिली गोष्ट, ती म्हण नाही, आशीर्वाद आहे. मूळ शब्द 'गो नाइरी अन बोहर लॅट'. यातलं क्रियापद एकटं आलं तर त्याचा अर्थ उठणे, वर येणे. पण पुढे 'लॅट' लागलं की अर्थ होतो 'तुला यश मिळो'. म्हणजे सरळ 'तुझा प्रवास सुखाचा होवो'. कुणीतरी शब्दाला शब्द ठेवून इंग्रजी केलं आणि रस्ता बिचारा उठून उभा राहिला. उद्या 'त्याचं डोकं फिरलं' याचं कुणी असंच भाषांतर केलं तर मान गोल फिरलेला माणूस उभा राहील, तसंच हे.

मग खरी म्हण ओळखायची कशी?

मी दोन गोष्टी बघते. तिचं आयरिश रूप कुठे सापडतं का, आणि तिच्यात एखादी हाताला लागणारी वस्तू आहे का. गाय, काठी, चूल, दात, भुंगेरा, असं काहीतरी. 'आयनीन किरोग किरोग एल्ये', म्हणजे भुंगेऱ्याला भुंगेरा ओळखतो. 'चांगल्या शब्दाने कधी कुणाचा दात मोडला नाही.' 'माणसाच्या तोंडानेच बऱ्याचदा त्याचं नाक फोडलंय.' या खऱ्या. नुसतं प्रेम, हास्य, मैत्री आणि नशीब असेल तर ती बहुधा चहाच्या कपावर छापण्यासाठीच जन्मलेली असते. हा नियम शंभर टक्के लागू पडत नाही. 'सुरुवात चांगली तर अर्धं काम झालं' ही वस्तूशिवायची म्हण अस्सल आहे आणि रोज कानावर पडते.

'दुरून डोंगर साजरे' तिकडेही आहे म्हणे?

आहे, आणि माझी सगळ्यात लाडकी तीच. 'इस ग्लास इआद ना क्निक इ वाद ऊइन': आपल्यापासून दूरचे डोंगर 'ग्लास' असतात. पश्चिमेकडे 'क्निक'चं 'क्रिक' होतं.

सगळी गंमत 'ग्लास' या शब्दात आहे. इंग्रजीत त्याचं 'हिरवे' करून टाकतात. पण आयरिशमध्ये हिरव्याला दोन शब्द आहेत. डब्यातून काढून फासलेला हिरवा रंग, म्हणजे इथल्या टपालपेटीचा, तो 'ऊइन्ये'. गवताचा, पानाचा, उगवणाऱ्या गोष्टींचा तो 'ग्लास'. आणि करड्या मेंढीलाही 'ग्लास'च म्हणतात. म्हणजे हा हिरवा करड्याकडे झुकणारा, ओला, ढग सरकला की बदलणारा. कॉनेमाराच्या डोंगरांकडे पावसाळी दुपारी पाहिलं की हिरवं आणि करडं यांना एकच शब्द का पुरतो ते कळतं.

आमची म्हण पाहणाऱ्याची आहे: डोंगर 'साजरे', म्हणजे दिसायला छान. त्यांची मला गुरं राखणाऱ्याची वाटते: लांबच्या डोंगरावर गवत आहे. जवळ गेलं की खडक, हेदरची झुडपं, आणि बुटात शिरणारं दलदलीचं पाणी. पिढ्यान्‌पिढ्या माणसं बाहेर पाठवलेल्या देशात ही म्हण नुसती निसर्गाबद्दल राहत नाही, हे वेगळं सांगायला नको.

गावाकडचे रस्ते इतके अरुंद का?

कारण ते गायींच्या मापाचे आहेत. रस्ता म्हणजे 'बोहर', आणि तो शब्दच 'बो' म्हणजे गाय यातून आलेला. कॅशेलचा बिशप-राजा कोरमाक सन ९०८मध्ये मेला. त्याच्या नावावर असलेल्या जुन्या शब्दकोशात रस्त्याची रुंदी दिली आहे: दोन गायी मावतील, एक उभी, एक आडवी. लहान रस्ता तो 'बोहरीन'. दोन्ही बाजूंनी दगडी बांध किंवा झुडपांचं कुंपण, आणि मधोमध गवताची शेंडी. आपल्याकडची पाणंदच ती.

याच रस्त्याची म्हण 'ग्युरीन बेर्त बोहर': दोघं असली की वाट आखडते. तिच्यामागे गोबान सेर या दंतकथेतल्या कसबी गवंड्याची गोष्ट सांगतात. तो मुलाला घेऊन कामाला निघाला आणि म्हणाला, "पोरा, जरा रस्ता कमी कर बघू." पोराला काही उमगेना. बाप वैतागून परत घरी. दुसऱ्या दिवशीही तेच. शेवटी सुनेने नवऱ्याला सांगितलं, "अहो, गोष्ट सांगायला लागा, रस्ता आपोआप कमी होतो." तिसऱ्या दिवशी दोघं मुक्कामाला पोचले. ही गोष्ट अनेक रूपांत सापडते, पण शहाणपण बहुतेक वेळा सुनेकडेच असतं.

म्हणींत चूल सारखी का येते?

सगळ्यात प्रसिद्ध म्हण चुलीचीच आहे: 'नील एन तिन्त्यान मार दो हिन्त्यान फेन', आपल्या चुलीसारखी चूल नाही. इंग्रजीत तिचं 'घर' करतात आणि विस्तव विझवून टाकतात.

खेड्यातल्या घरात चूल म्हणजे उघडी शेगडी, आणि इंधन म्हणजे 'मोन', दलदलीतून कापलेली कुजट माती. इंग्रजी बोलताना लोक तिला टर्फ म्हणतात. झाडं फार पूर्वीच तुटली होती, पण देशाचा जवळपास पाचवा हिस्सा हजारो वर्षं साचलेल्या या दलदलीने व्यापलेला. वसंत सरताना 'श्लॉन' नावाच्या, पात्याला बाजूचा पंख असलेल्या फावड्याने विटांसारखे तुकडे कापायचे. ताजा तुकडा बहुतांशी पाणीच असतो. आधी ते पसरायचे. वरून सुकले की चार-पाच तुकडे एकमेकांना टेकवून उभे करायचे, म्हणजे मधून वारा फिरतो. मग रचायचे आणि उन्हाळा संपायच्या आत घरी आणायचे. कंबर मोडणारं काम. त्यासाठी शेजारी जमायचे, आणि त्या जमण्याला 'मेहल' म्हणतात. आपल्याकडे शेतकरी एकमेकांच्या कामाला जायचे ती सावड किंवा इर्जिक म्हणजे अगदी हेच. 'नी न्यार्त गो कुर ले खेले', म्हणजे एकत्र आल्याशिवाय बळ नाही, ही म्हण आता पुढाऱ्यांच्या भाषणात ऐकू येते, पण दलदलीत ती जास्त पटते.

रात्री विस्तव विझू द्यायचा नाही. निखारे राखेखाली पुरायचे, संत ब्रिजिटच्या नावाने प्रार्थना पुटपुटायची, आणि सकाळी राख सारून त्याच निखाऱ्यांवर आग फुलवायची. आपल्या आज्याही राखेत निखारा जपायच्या, त्यामुळे हे समजवायला मला कधी वेळ लागला नाही.

आता हे संपत आलंय. मोन काढणाऱ्या सरकारी कंपनीने, बोर्ड ना मोनाने, २०२१मध्ये इंधनासाठी काढणी थांबवल्याचं जाहीर केलं. ऑक्टोबर २०२२पासून दुकानांतून आणि जाहिराती देऊन टर्फ विकायला बंदी आहे. दलदलीत कार्बन साठलेला असतो, म्हणून कारण पटतं. तरी नोव्हेंबरच्या संध्याकाळी एखाद्या गावातून जाताना तो मातकट गोड धूर नाकात शिरला की मी दोन मिनिटं पर्यावरण विसरते.

आणि हो, या म्हणीचं शाळकरी विडंबन प्रत्येक आयरिश पोराला पाठ असतं: 'नील एन तोन तिन मार दो होन तिन फेन', आपल्या दुखऱ्या ढुंगणासारखं दुखरं ढुंगण नाही. पाहुण्यांना मूळ म्हणीआधी बऱ्याचदा हीच शिकवली जाते.

'वाऱ्याचा दिवस तो काठ्यांचा दिवस नव्हे' म्हणजे काय?

'नी हे लॉ ना गीहे लॉ ना स्कोलब'. वस्तू माहीत नसेल तर ही म्हण कोडंच राहते.

'स्कोलब' म्हणजे गवती छप्पर टाचून बसवायची काठी. हेझल किंवा विलोची फांदी, दोन्ही टोकं टोकदार, मधोमध पिळून केसांच्या आकड्यासारखी वाकवलेली. या काठ्या हिवाळ्यात, झाडात रस कमी असताना कापून ठेवतात. वादळ दारात आल्यावर काठ्या तोडायला निघालात तर छप्पर गेलंच. आपण अशा माणसाला 'तहान लागल्यावर विहीर खणतोस का' म्हणतो. पण कोकणात मे महिन्यात घर शाकारून घेणाऱ्याला काठ्यांची म्हण जास्त जवळची वाटेल. पश्चिम किनाऱ्यावर तर एवढ्यावर भागत नाही. छपरावरून दोऱ्या टाकून त्या भिंतीतल्या दगडी खुंट्यांना बांधतात.

वारा तिथे किती मोठी गोष्ट आहे याचा एक किस्सा. ६ जानेवारी १८३९च्या रात्री आलेल्या वादळाला आजही 'मोठ्या वाऱ्याची रात्र' म्हणतात. पुढे १९०९मध्ये सत्तरी ओलांडलेल्यांना निवृत्तिवेतन सुरू झालं. पण आयर्लंडमध्ये सर्व जन्मांची सरकारी नोंद १८६४पासूनची, मग वयाचा पुरावा कुठून आणायचा? 'मोठा वारा आठवतो का?' आठवतो म्हणणारा सत्तरीचा धरला जाई. त्या वर्षी बऱ्याच जणांची स्मरणशक्ती अचानक सुधारली, असं इथे डोळे मिचकावत सांगतात. आपल्याकडे 'प्लेगाच्या साली जन्मले' म्हणणाऱ्या म्हाताऱ्या होत्याच की.

पाऊस खरंच रोज पडतो का? त्यावर म्हणी आहेत का?

आकड्यात पाहिलं तर मुंबईकराला हसू येईल. मुंबईत चार महिन्यांत २,००० मिलिमीटरच्या वर पडतो, डब्लिनच्या बाजूला वर्षभरात साधारण ७५०. फरक असा की इथला पाऊस हप्त्याहप्त्याने येतो: पूर्वेकडे वर्षातले सुमारे १५० दिवस, पश्चिमेला काही ठिकाणी २२५. आपल्याकडे नक्षत्रं असतात, 'पडतील स्वाती तर पिकतील माणिकमोती'. इथे संत असतात. १ फेब्रुवारी हा ब्रिजिटचा दिवस, वसंताची सुरुवात. ती म्हणते, 'माझ्या दिवसापासून एक दिवसाआड चांगला.' १७ मार्चचा पॅट्रिक म्हणतो, 'माझ्या दिवसापासून रोजच चांगला.' पॅट्रिकवर विसंबून छत्री घरी ठेवू नये, हा माझा सल्ला.

मार्चअखेरच्या थंडीला 'पट्टेरी गायीचे दिवस' म्हणतात. गायीने फुशारकी मारली: मार्च संपला, आता माझं काय वाकडं करणार? मार्च चिडला, एप्रिलकडून काही दिवस उसने घेतले, आणि असा वारा-पाऊस सोडला की गाय मेली.

भुकेच्या म्हणी इतक्या कडवट का?

'भूक हीच चांगली चटणी' ही आपल्या 'भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा'ची बहीण. पण 'नी हिगन अन सॉख अन श्यांग', पोट भरलेल्याला खपाटीचं पोट कळत नाही, ही इथे वेगळ्या सुरात म्हटली जाते. 'जगून राहा घोड्या, तुला गवत मिळेल' ही तर आश्वासनं देणाऱ्याच्या तोंडावर मारायची.

१८४५मध्ये बटाट्यावर करपा पडला आणि गरिबांचं एकुलतं एक अन्न शेतातच सडलं. पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसं मेली आणि त्याहून जास्त देश सोडून गेली. १८४१च्या जनगणनेत सुमारे ८२ लाख असलेली लोकसंख्या १८५१मध्ये ६५ लाखांवर आली. आणि त्याच काळात धान्य आणि गुरं बंदरांतून इंग्लंडला जात होती. म्हणी त्याआधीच्याही आहेत, पण त्या कशा ऐकायच्या ते तेव्हापासून बदललं.

पश्चिमेच्या डोंगरउतारावर तिरप्या उन्हात समांतर सऱ्या दिसतात, जणू कुणी फणी फिरवली आहे. छायाचित्रात फार सुंदर येतात. ते बटाट्याचे जुने वाफे आहेत. अनेक ठिकाणी दुष्काळानंतर तिथे पुन्हा कुणी काही लावलंच नाही.

शेताच्या मधोमध एकटं झाड का सोडलेलं असतं?

ते बहुतेक 'श्क्याख', हॉथॉर्नचं काटेरी झाड. मे महिन्यात पांढऱ्या फुलांनी भरतं. ते 'त्यांचं' झाड. परी हा शब्द इथल्या जाणत्यांना आवडत नाही, 'ती चांगली मंडळी' असं आडून म्हणतात. आपणही रात्री सापाचं नाव न घेता 'लांबडं' म्हणतो, तसं. झाड तोडायचं नाही, जुने मातीचे गोल कोट नांगरायचे नाहीत. १९९९मध्ये क्लेअर परगण्यात 'लाटून' नावाच्या ठिकाणी महामार्गाच्या आड असंच एक झाड येत होतं. गोष्टी सांगणारे एडी लेनिहान यांनी आवाज उठवला, आणि रस्ता बांधणाऱ्यांनी झाडाला जागा सोडली. देवराईला हात न लावणाऱ्यांना यात हसण्यासारखं काही वाटू नये. विश्वास आहे का, असं विचारलं तर शेतकरी म्हणतो नाही. मग तोडाल का? तेही नाही.

तीन-तीन गोष्टींच्या म्हणी कुठून आल्या?

फार जुन्या आहेत. नवव्या शतकाच्या सुमाराचा त्रिकांचा एक संग्रहच आहे, तो कुनो मेयर या जर्मन पंडिताने १९०६मध्ये छापला. त्यातलं एक त्रिक मला पाठ आहे. जगाला तोलून धरणाऱ्या तीन बारीक गोष्टी: गायीच्या सडातून कासंडीत पडणारी दुधाची धार, जमिनीतून वर आलेलं धान्याचं पातं, आणि कसबी बाईच्या हातावरून सरकणारा धागा.

नंतरची लोकांच्या तोंडची त्रिकं तिखट आहेत: तीन गोष्टींपासून जपावं, बैलाचं शिंग, घोड्याचा खूर, इंग्रजाचं हसू.

हे सगळं जमवलं कुणी?

बराचसा वाटा शाळकरी पोरांचा. १९३५मध्ये लोकविद्या आयोग स्थापन झाला. १९३७ ते १९३९ या काळात सुमारे ५,००० प्राथमिक शाळांतल्या वरच्या वर्गांतल्या मुलांना निबंधाऐवजी एक काम दिलं: घरी जा, आजी-आजोबांना विचारा, लिहून आणा. म्हणी, औषधं, भुतं, विहिरी, जत्रा, सगळं. लाखो पानं भरली. ती डब्लिनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये आहेत आणि 'दूखस' या संकेतस्थळावर मुलांच्या हस्ताक्षरासकट फुकट वाचता येतात. हा नाद वाईट आहे. एक म्हण शोधायला जावं आणि रात्रीचे दोन वाजावेत.

मोडकीतोडकी आयरिश बोललं तर हसतील का?

यावर म्हणच आहे: चतुर इंग्रजीपेक्षा मोडकी आयरिश बरी. २०२२च्या जनगणनेत जवळपास १८ लाख ७० हजार जणांनी आयरिश येते असं सांगितलं, पण शाळेबाहेर रोज बोलणारे जेमतेम ७२,०००. त्यामुळे तुम्ही तोंड उघडलंत तर समोरचा सुखावतो, आणि बऱ्याचदा 'माझीच आयरिश गंजली आहे' म्हणून माफी मागतो.

मराठीशी काही नातं आहे का?

लांबचं, पण आहे. दोन्ही भाषा एकाच मोठ्या कुळातल्या. 'बो' आणि गो, 'त्री' आणि त्रि, 'श्यख्त' आणि सप्त, 'माहिर' आणि मातृ. म्हणी सारख्या आहेत त्या मात्र नात्यामुळे नव्हेत, गायी आणि भूक दोन्हीकडे होती म्हणून, असं माझं मत. जवळचं नातं हवं असेल तर आयर्लंडचे माजी पंतप्रधान लिओ वराडकर यांच्या वडिलांचं गाव मालवण तालुक्यातलं वराड. पंतप्रधान असताना, २०१९च्या डिसेंबरात, ते तिथे जाऊनही आले.

हे सगळं बघायचं तर कुठे जावं?

मोहरचे कडे सगळे बघतात. २१४ मीटर उंच आहेत, बघाच. पण म्हणींसाठी यायचं तर रोसावीलहून बोट धरून आरन बेटांवर जा. तिथे माती कमी आणि दगड उदंड. चुन्याशिवाय रचलेले बांध मैलोन्‌मैल, आणि दगडांमधून आकाश दिसतं. फटी मुद्दाम आहेत, वारा आरपार जातो म्हणून बांध टिकतो. फाटक बहुतेक नसतंच. गुरं न्यायची असली की बांधाचा तेवढा भाग उतरवायचा आणि मागून पुन्हा रचायचा.

वाऱ्याने हैराण झालात की बांधाच्या आडोशाला बसा. 'एर स्कॉ अ खेले अ वारन ना दीने', माणसं एकमेकांच्या 'स्कॉ'त जगतात. 'स्कॉ' म्हणजे सावली आणि आडोसा, दोन्ही. आम्हा मराठी माणसांना आधी सावली सुचते, कारण आपल्याला ऊन टाळायचं असतं. त्या बांधामागे बसल्यावर दुसरा अर्थ आधी येतो.

बोहरीनवरून चालत असाल आणि समोरून गाडी आली तर बांधाला चिकटून उभं राहा. चालवणारा चाकावरून फक्त तर्जनी वर करेल. तो नमस्कार असतो. तुम्हीही एक बोट उचला. अख्खा हात हलवलात तर ओळखतात, पाहुणे आलेत.